घामाला कारण ठाऊक नसतं

मुलाच्या बोटाला सेन्सर लावला, की ते वैतागलंय का, घाबरलंय का, कंटाळलंय का, हे शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरला आपोआप कळतं, असा अनेकांचा समज आहे. रोझालिंड पिकार्ड यांचं ‘अफेक्टिव्ह कम्प्युटिंग’ हे भावना ओळखणाऱ्या संगणकांविषयीचं पुस्तक १९९७ साली आलं. तेव्हापासून या विषयावर भरपूर संशोधन झालं आहे, पण भावना थेट वाचणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

यंत्र काय मोजतं, ते आधी पाहू. दोन बोटांना दोन छोटे इलेक्ट्रोड लावून, जाणवणारही नाही इतका सूक्ष्म विद्युतदाब देतात. शरीर चेतवलं गेलं की तळहातावरच्या घामग्रंथींचं काम वाढतं आणि एक ते तीन सेकंदांत त्वचेतून वीज थोडी सहज वाहू लागते. मनगटावरचं यंत्र हिरव्या प्रकाशाच्या मदतीने नाडी टिपतं. यातून खळबळ किती आहे ते कळतं. ती कशाची आहे, ते कळत नाही.

उदाहरणार्थ, वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. ते पुढे उभं राहून पाहणाऱ्या पोराची नाडी वाढते, तळवे ओलसर होतात. त्याच पोराला अपूर्णांकाचं गणित सोडवायला अचानक फळ्यापाशी बोलावलं, तरी हेच होईल. दोन्ही आलेख शेजारी ठेवले तर आनंद कुठला आणि धास्ती कुठली, हे नुसत्या घामावरून सांगता येणार नाही. त्यात एप्रिलची दुपार, पत्र्याचं छप्पर आणि मधल्या सुट्टीत खेळून आलेलं मूल असेल, तर गणिताचा संबंध नसतानाही आकडे चढतात. म्हणूनच शांत बसलेलं असताना प्रत्येक मुलाची स्वतःची पातळी किती, हे आधी नोंदवावं लागतं. प्रयोगशाळेतली अचूकता वर्गात टिकत नाही, त्याचं असा उकाडा आणि धावपळ हे मोठं कारण.

मग कॅमेरा जोडला तर? तोही पुरत नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. कपाळावर आठी म्हणजे राग, असं खात्रीने म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मन लावून गणित करणाऱ्या मुलाच्या कपाळावरही आठी असतेच.

सेन्सरशिवाय सॉफ्टवेअर आंधळं, हा मला सर्वांत घातक वाटणारा गैरसमज, कारण तो शाळांना नको त्या खर्चात पाडतो. आयआयटी मुंबईत रामकुमार राजेंद्रन, श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि सहकाऱ्यांनी ‘माइंडस्पार्क’ या गणित शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या नुसत्या नोंदी घेतल्या आणि त्यांतून मुलाचा वैताग ओळखायची पद्धत २०१३ मध्ये मांडली. तिच्यामागचा विचार सरळ आहे: हवं ते हातातून निसटलं की माणूस वैतागतो. तेव्हा या सॉफ्टवेअरमध्ये सलग तीन उत्तरं बरोबर आली की बक्षीस मिळत असे. दोन बरोबर आली आणि तिसरं चुकलं, तर तिथे वैतागाची शक्यता वाढते. ताडून पाहण्यासाठी निरीक्षकांनी मुलांचे चेहरे पाहून नोंदी केल्या. पुढे याच गटाने वैतागलेल्या मुलाला धीर देणारे संदेश दाखवण्यावरही काम केलं. बोटाला काहीही न लावता!

गोंधळ दिसला की लगेच उत्तर सांगून टाकावं, हेही बरोबर नाही. सिडनी डी’मेलो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की योग्य ठिकाणी झालेला आणि पुढे सुटलेला गोंधळ शिकायला मदत करतो. खरी चिंता कंटाळ्याची. तो एकदा आला की सहजी हटत नाही, आणि कमी शिकण्याशी त्याचं नातं आढळलं आहे.

प्रश्न नुसत्या अचूकतेचाही नाही. चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला मेंदूलहरी मोजणारे पट्टे बांधले होते. २०१९ मध्ये त्यावरून गदारोळ झाला आणि वापर थांबवावा लागला. युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून शाळांत अशा शारीरिक खुणांवरून भावना ताडायला बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण तेवढं त्यातून वगळलं आहे.

आपल्या शाळेत असं यंत्र आलं, तर शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी विचारावं: उकाड्यात, आपल्यासारख्या वर्गात याची चाचणी झाली आहे का? नोंदी कुठे साठतात, किती दिवस राहतात, कुणाला दिसतात? आणि जे मूल सेन्सर लावायला नको म्हणेल, त्याला तोच धडा मिळणार ना?