स्वप्नात जागं होण्याचा सराव : चिकाटी टिकवायची कशी?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, स्वप्न चालू असतानाच 'अरे, हे तर स्वप्न आहे' असं कळणं, याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून मोठ्या वर्गातली मुलं, आणि काही पालकसुद्धा, हा प्रयोग करू लागले आहेत. 'आठ दिवसांत शिका' असं तिथे सांगतात. आठ दिवस जातात, काही घडत नाही आणि वही कपाटात जाते. म्हणून आज युक्त्यांपेक्षा सातत्याबद्दल बोलू या.

आधी एक सांगतो, हे थोतांड नाही. १९७५ साली इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून 'मी स्वप्नात आहे' अशी खूण दिली. ती यंत्रावर नोंदली गेली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. आपल्याकडेही मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांचा विचार आहे. नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्वाचं काम सोपवलं, असं तुकाराम महाराजांनी सांगितलं आहे. त्याला आजच्या अर्थाने सजग स्वप्न म्हणू नये असं मला वाटतं, पण स्वप्नाकडे नीट लक्ष द्यायची रीत आपल्याला परकी नाही.

आता मुद्दा शिस्तीचा. ठळक स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत पडतात. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि पहाटेकडे रेमचा भाग लांबत जातो. म्हणजे रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला गजर असं केलं, तर स्वप्नांचा सर्वात चांगला तुकडाच आपण कापून टाकतो. अशा माणसाने कितीही जिद्द दाखवली तरी काय उपयोग? पहिली शिस्त म्हणजे वेळेवर झोपणं. बाकी सगळं नंतर.

दुसरी शिस्त वहीची. जाग आल्यावर लगेच हलू नका. डोळे मिटलेलेच ठेवा आणि 'आत्ता मी कुठे होतो?' असं मागे मागे आठवत जा. पूर्ण स्वप्न लिहायला वेळ नसतो, सकाळी डबा आणि शाळा असते. तीन शब्द लिहा. 'कामठी स्टेशन, चप्पल, आजी' एवढंसुद्धा चालतं. काहीच आठवलं नाही तर 'आठवलं नाही' असं लिहा, पण तारीख चुकवू नका. काही आठवड्यांनी तीच तीच चिन्हं वारंवार दिसू लागतात. कुणाला सुटलेली गाडी दिसते, कुणाला कोरी राहिलेली उत्तरपत्रिका. ही चिन्हं पुढे कामी येतात.

कारण झोपताना करायचा लाबर्ज यांचा सराव त्यांवरच उभा आहे. 'येताना दूध आणायचं' असं आपण मनाशी ठरवतो आणि दुकान दिसलं की आठवतं ना? तसंच 'पुन्हा गाडी सुटताना दिसली की हे स्वप्न आहे हे मला आठवेल' असं डोळ्यांसमोर आणत झोपायचं. दिवसा सवय लावायला आपल्या शिक्षकांना तर सोय आहे, बरं का! तासाची घंटा झाली की फळ्यावरची ओळ वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बरेचदा बदलतात. मात्र खरोखर शंका घेऊन बघा. नुसतं उरकलं तर स्वप्नातही उरकलंच जाईल.

पहाटे मुद्दाम उठून पुन्हा झोपण्याची पद्धत परिणामकारक आहे, पण रोज करू नका. आपली शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून शुक्रवारची रात्र बाद. शनिवारची रात्र ठीक. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात तीन पद्धती एकत्र वापरूनही पहिल्या आठवड्यात यश साधारण १७ टक्के होतं, म्हणजे सरासरी सहा प्रयत्नांत एक. हा आकडा माहीत असला की पाच कोऱ्या रात्रींचं वाईट वाटत नाही. त्यामुळे वहीत सजग स्वप्नं मोजत बसू नका, लिहिलेल्या सकाळी मोजा. त्या आपल्या हातात आहेत, स्वप्नं नाहीत.

आपल्या कामठीत ड्रॅगन पॅलेस परिसरात २०१७ साली विपश्यना केंद्र सुरू झालं. ध्यानाला बसणाऱ्या कुणालाही विचारा. मन भरकटतं, रागावून ते परत येत नाही, शांतपणे आणावं लागतं. खंड पडलेल्या वहीचंही तसंच. मागचे दिवस भरून काढत बसू नका, आजची तारीख टाका.

अखेर मुलांबद्दल. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. त्यांना पहाटे उठवून हा प्रयोग करू नये. परिपाठात किंवा घरी चहाच्या वेळी 'रात्री काय पाहिलंस?' एवढं विचारलं तरी मूल भरभरून बोलतं, आणि भाषेसाठी ते सोनं आहे. मूल वारंवार भयानक स्वप्नांनी दचकून उठत असेल, किंवा मोठ्यांपैकी कुणाला मानसिक आजाराचा त्रास असेल, तर व्हिडिओ बंद करून आधी डॉक्टरांना भेटा. आणि सरावामुळे दिवसा वर्गात डुलक्या येऊ लागल्या, तर एक आठवडा वहीला सुटी द्या.