सोव्हिएत संघातील कामाच्या तासांचा कायदा : हक्क आणि हुकूम

प्रस्तावना :
आठ तासांचा दिवस ही एकोणिसाव्या शतकातील कामगार चळवळीची प्रमुख मागणी होती. कामगारांच्या नावाने सत्तेवर आलेल्या सोव्हिएत राज्यात या मागणीचे पुढे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तास कमी होण्याचा काळ (१९१७ ते १९३६) :
सत्तांतरानंतर चारच दिवसांनी, ११ नोव्हेंबर १९१७ रोजी, हुकूमनाम्याद्वारे दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची कमाल मर्यादा घालण्यात आली. १९२७ मध्ये क्रांतीच्या दशकपूर्तीनिमित्त, वेतनात कपात न करता, ७ तासांच्या दिवसाची घोषणा झाली. १९२९ पासून यंत्रे अखंड चालावीत म्हणून चार दिवस काम व पाचव्या दिवशी सुटी अशी पद्धत आली. मात्र प्रत्येक गटाची सुटी वेगळी असल्याने एकाच कुटुंबातील माणसांच्या सुट्या जुळत नसत. १९३१ च्या अखेरीस तिच्या जागी सामाईक सुटीचा सहा दिवसांचा आठवडा आला. १९३६ च्या राज्यघटनेने कलम ११९ अन्वये विश्रांतीचा हक्क मान्य करून बहुसंख्य कामगारांसाठी ७ तासांच्या दिवसाची हमी दिली.

१९४० चा हुकूमनामा :
युद्धाच्या छायेत २६ जून १९४० रोजी ८ तासांचा दिवस व सात दिवसांचा आठवडा पुन्हा लागू झाला. वेतन वाढले नाही. परवानगीविना नोकरी सोडल्यास दोन ते चार महिने कारावास, तर विनाकारण गैरहजर राहिल्यास वेतनकपातीसह सक्तीचे श्रम अशी शिक्षा ठरली. विशेष म्हणजे हा प्रस्ताव कामगार संघटनांच्या केंद्रीय परिषदेच्याच नावे मांडण्यात आला. घटनेतील ७ तासांची तरतूद मात्र १९४७ पर्यंत कागदावर तशीच राहिली.

पुनर्स्थापना :
१९५६ मध्ये या फौजदारी शिक्षा रद्द झाल्या. १९६० पर्यंत ४१ तासांचा आठवडा रूढ झाला, १९६७ पासून दोन सुट्यांचा पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि १९७७ च्या घटनेने ४१ तासांची मर्यादा नमूद केली.

निष्कर्ष :
या कायद्याने कामगारांना खरी विश्रांती दिली, हे नाकारता येत नाही. परंतु तास घटविणारी व वाढविणारी सत्ता एकच होती. मालक, कायदेकर्ता आणि कामगारांचा प्रतिनिधी या तिन्ही भूमिका एका हाती एकवटल्यामुळे १९४० मध्ये घटनेच्या आधारे दाद मागण्यास जागा उरली नाही. हक्काचे मोल केवळ कलमाच्या शब्दांत नसते. ते कलम मोडले गेल्यास त्याविरुद्ध उभे राहू शकणाऱ्या स्वतंत्र संघटनेत व न्यायसंस्थेत असते.