जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन खोलण्याआधी

आपल्या गोंदिया जिल्ह्यात ट्रॅक्टरला वर्षातून दोनदा चिखलात उतरावं लागतं. खरिपाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि जिथे पाण्याची सोय आहे तिथे उन्हाळी धानाची जानेवारी-फेब्रुवारीत. चिखलणी म्हणजे इंजिनाला दमवणारं काम. १५-२० वर्षांचा ट्रॅक्टर नेमका याच वेळी बांधीत बसतो आणि मिस्त्री सांगतो, "इंजिन खोलावं लागेल." कधी ते खरंच लागतं, कधी साध्या सफाईवर भागतं. हा फरक घरच्या घरी बराचसा ओळखता येतो. पुढील तपासणी रोवणीच्या १५ दिवस आधी, याच क्रमाने करा. जुन्या डिझेल जीपलाही ती लागू पडते.

१) ऑइल : सकाळी, इंजिन थंड असताना, ट्रॅक्टर सपाट जागेवर ठेवून ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं का? न टाकता पातळी वाढली आहे का? शंका असेल तर चेंबरचा बोल्ट थोडासा सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने रात्रभरात तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. पाणी आलं तर पुढची तपासणी थांबवा, सेल्फ मारू नका, ढकलूनही सुरू करू नका. सिलिंडरात पाणी साचलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर गळती डिझेल पंपाकडे शोधावी.

२) रेडिएटर : झाकण थंड असतानाच उघडा. गरम असताना उघडल्यास उकळतं पाणी अंगावर येतं. इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलं किंवा हेडला तडा आहे, असं समजा. बुडबुडे नाहीत, पण इंजिन तापतं, तर आधी जाळीत अडकलेलं मळणीचं भुसकट काढा, फॅनबेल्ट ताणून बघा.

३) धूर : काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर क्लीनर साफ करा, मग नोझल तपासून घ्या. थंडीच्या पहाटे मिनिटभर पांढरा धूर निघाला तर घाबरू नका. इंजिन तापल्यावरही तो निघतो आणि रेडिएटरचं पाणी घटतं, तर पाणी सिलिंडरात जात आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं. मात्र एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल जास्त भरलं तरी निळा धूर येतो, हे आधी बघा.

४) दाब : डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते, त्यावर डिझेल पेटतं. रिंग-लायनर घासले की दाब सुटतो. इंजिन सुरू व्हायला त्रास देतं आणि ब्रीदरमधून धुराचे भपके येतात.

५) आवाज : खालून जड ठकठक येते, ओझं पडलं की वाढते, आणि ऑइल प्रेशरचा काटा पडतो, तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा. "एवढी बांधी होऊ द्या" म्हणाल, तर बेअरिंगवर निभणारं काम क्रँकवर जाईल. नोझल बिघडलं तरी ठोका येतो. मिस्त्री एकेक नोझलचा नट सैल करून तो ओळखतो. हे स्वतः करू नका, दाबाखालची डिझेलची धार कातडीत घुसते.

इतकं झाल्यावरही खोलायचंच ठरलं, तर आधी मिस्त्रीला कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. एकाच सिलिंडरचा आकडा कमी असेल तर बिघाड बहुधा तेवढ्यापुरता असतो. शेजारच्या दोघांचा कमी असेल तर गॅस्केटचा संशय घ्या. सगळ्यांचाच कमी असेल तर रिंग-लायनरचं पूर्ण काम आलं. घासलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून घेऊ नका, थोड्याच दिवसांत पुन्हा ऑइल जळू लागतं. लायनर मोजून घ्या, जुने पार्ट परत मागा.

आणि एक सवय लावून घ्या. ऑइल कधी आणि किती टाकलं, ते वहीत तारखेसह लिहा. इंजिन घासत चाललं की ऑइलची मागणी वाढते, आणि ते वहीत सीझनच्या आधीच दिसतं. तेव्हा हाती वेळही असतो आणि मिस्त्रीही मोकळा असतो.