बिनतारी संवेदकांसाठी सॉफ्टवेअर रेडिओ रिसीव्हरची निवड : गोवंडीच्या संदर्भात

जानेवारी २०१६ मधील देवनार कचराभूमीच्या आगीने गोवंडी परिसरातील हवेच्या अखंड मोजणीची निकड अधोरेखित केली. अशा मोजणीत बिनतारी संवेदक वापरल्यास त्यांचे संदेश टिपणारा रिसीव्हर कसा निवडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सॉफ्टवेअर रेडिओ लहरींचे अंकांत रूपांतर करतो व संदेशाची उकल संगणक करतो. म्हणून प्रथम संवेदकाची वारंवारता पाहावी. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. सुमारे २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ टिपणाऱ्या स्वस्त आरटीएल-एसडीआरच्या आवाक्यात तो येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या संवेदकांसाठी मात्र ६ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचणाऱ्या हॅकआरएफसारखे साधन लागते.

तथापि, ८६९ मेगाहर्ट्झपासून मोबाइल मनोऱ्यांचा प्रक्षेपण-पट्टा सुरू होतो. दाट वस्तीत मनोरा जवळ असल्यास त्याच्या प्रबळ लहरींनी रिसीव्हरचा आरंभीचा टप्पा संपृक्त होतो आणि संवेदकाचा क्षीण संदेश लोपतो. ८ बिटांऐवजी १२ बिटांचा रिसीव्हर घेतल्याने क्षीण संदेश अधिक स्पष्ट होतो. परंतु संपृक्ती पूर्णतः टळत नाही. तिच्यावर अरुंद पट्ट्याचा फिल्टर हाच प्रभावी उपाय होय.

सारांश, प्रारंभ स्वस्त रिसीव्हरने व गच्चीवरील सुमारे ८.७ सेंटिमीटरच्या पाव-तरंग अँटेनाने करावा. संदेश गळत असल्यास प्रथम रिसीव्हरचे वर्धन कमी करावे, मग फिल्टर बसवावा आणि त्यानंतरच महाग रिसीव्हरचा विचार करावा. गळालेल्या नोंदींबरोबर धुराचे तासही हिशेबातून सुटू शकतात. म्हणून हा क्रम पाळणे आवश्यक ठरते.