लोकरीपासून जाळ्यापर्यंत

समुद्रकिनाऱ्यावरील पोशाखाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा एकाच मुद्द्यावर येऊन थांबते, आणि तो म्हणजे अंग झाकले किती व उघडे राहिले किती. हा मुद्दा गैरलागू आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु त्याच्या गलबल्यात कापडाची कैफियत ऐकून घेण्याचे राहूनच जाते. वस्त्र पाणी किती पिते, भिजल्यावर ते अंगाबरोबर राहते की फुगून वर येते, बाहेर आल्यावर किती वेळात वाळते, या साध्या प्रश्नांची उत्तरे विणकरांना आणि रसायनशास्त्रज्ञांना जसजशी सापडत गेली, तसतसा हा पोशाख बदलत गेला, आणि समाजाची संमती किंवा मनाई पुष्कळदा त्याच्या मागून चालत आली, अशी माझी धारणा आहे.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांचा अठराव्या शतकातील स्नानाचा झगा माउंट व्हर्नन येथे जतन केलेला आहे. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या लिननचा हा झगा सैल आहे, आणि पाण्यात उतरताच तो वर तरंगू नये म्हणून त्याच्या घेरात, कापडात गुंडाळून, शिशाची वजने शिवलेली आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या फ्लॅनेलचा अंमल सुरू झाला. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, आणि उत्तरेकडील थंड समुद्रात तो गुण मोलाचा; पण ती पाणी इतके धरून ठेवते की पोहणाऱ्याची निम्मी शक्ती पोशाख ओढण्यातच खर्ची पडावी.

या अडचणीतून वाट काढली ती एका विणीने. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे स्वेटर विणणारा एक छोटा कारखाना होता. 1913 च्या सुमारास तेथील रोइंग क्लबच्या सभासदाने वल्हवताना घालण्यासाठी लोकरीची चड्डी मागितली, तेव्हा कार्ल जँटझेन आणि त्याचे भागीदार यांनी ती स्वेटरच्या बाहीच्या पट्टीला असते त्या विणीत विणून दिली. थंडीच्या तोंडावर ज्या घरात सुया बाहेर निघतात तिथे ही वीण सर्वांना ठाऊक असते: एक टाका सुलट, एक उलट. अशी पट्टी दोन्ही हातांनी ताणली तर चांगली रुंद होते आणि सोडली की पुन्हा आपल्या जागी येते. धाग्यात नसलेला लवचिकपणा निव्वळ टाक्यांच्या रचनेतून निर्माण करणारी ही युक्ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. हीच वीण पोहण्याच्या पोशाखात आली, अंगासरशी बसणारे पोशाख सर्रास दिसू लागले, आणि 1922 साली वॉशिंग्टन शहराच्या स्नानतीरावर पोशाखाची कड गुडघ्यापासून सहा इंचांहून वर नसावी असा हुकूम निघून पोलीस मोजपट्टी घेऊन फिरू लागले.

1931 च्या सुमारास रबराच्या तंतूभोवती सूत गुंडाळलेला लॅस्टेक्स आला आणि विणीचे काम धागाच करू लागला. मात्र ऊन आणि अंगाचे तेल यांनी ते रबर लवकरच ढिले पडे. पुढे महायुद्धातील टंचाईमुळे अमेरिकी सरकारने स्त्रियांच्या या पोशाखातील कापड एकदशांशाने कमी करविले. युद्धानंतर, 5 जुलै 1946 रोजी, लुई रेआर या मोटार-अभियंत्याने पॅरिसच्या मोलितोर तरणतलावावर आपली बिकिनी प्रदर्शित केली, आणि चारच दिवसांपूर्वी ज्या प्रवाळद्वीपावर अमेरिकेने अणुबाँबची चाचणी घेतली होती त्याचे नाव तिला दिले. त्या बेटावरच्या माणसांना चाचण्यांसाठी घरे सोडावी लागली होती. त्यांच्या भूमीचे नाव जगाच्या तोंडी एका वस्त्राचे नाव म्हणून राहिले, हे मला फार खटकते.

1958 साली ड्युपाँ कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी पूर्ववत होणारा कृत्रिम तंतू सिद्ध केला. लायक्रा या नावाने तो घरोघर पोहोचला. आज पोशाखाच्या आतली चिठ्ठी पाहिली तर बहुधा ऐंशी टक्के नायलॉन आणि वीस टक्के इलॅस्टेन, म्हणजे हाच तंतू, असा दाखला मिळतो. माझा स्वतःचा गडद निळा पोशाख दोन उन्हाळ्यांच्या वापरानंतर मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, तेव्हा तलावाच्या खरबरीत काठावर बसून घासलेल्या जागी नायलॉनची वीण विरळ झाली होती, आणि क्लोरीनने खाल्लेल्या इलॅस्टेनचे पांढरे तंतू तिच्यातून केसांसारखे वर आले होते.

2008 च्या ऑलिंपिकमध्ये पॉलियुरेथेनच्या पट्ट्या जोडलेल्या पोशाखांनी विक्रमांचा पाऊस पाडला. 1 जानेवारी 2010 पासून त्यांना स्पर्धांत मनाई झाली. सांप्रतचा कल मात्र वेगाकडे नसून उन्हापासून संरक्षणाकडे आहे, आणि पूर्ण बाह्यांचा पोशाख लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांच्या अंगावर दिसतो. ऑस्ट्रेलियातील आहेदा झनेट्टी यांनी 2004 साली तयार केलेली बुर्किनी हलक्या पॉलिएस्टरमुळेच शक्य झाली. तेच रूप फ्लॅनेलमध्ये शिवले असते तर कोणालाही मोकळेपणाने पोहता आले नसते. 2016 साली फ्रान्समधील काही किनाऱ्यांवर तिला मनाई झाली, आणि तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांपैकी एका गावाचा हुकूम तहकूब केला. 1922 साली कापड कमी म्हणून, आणि 2016 साली जास्त म्हणून: दोन्ही वेळा जाब स्त्रीलाच विचारला गेला.

2011 पासून अ‍ॅक्वाफिल ही इटालियन कंपनी मासेमारीची टाकाऊ जाळी आणि जुने गालिचे यांतील नायलॉन मूळ रसायनापर्यंत विघटित करून त्याचा पुन्हा धागा काढते, आणि अनेक नामांकित पोशाख आता त्याच धाग्याचे असतात. समुद्रात अडकून पडणारे जाळे वस्त्र होऊन परत समुद्रात उतरते, ही कल्पना मला मनापासून भावते. परंतु त्यात इलॅस्टेन मिसळले की तेच कापड पुन्हा वेगळे करणे दुष्कर होते, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातच राहतात.

पोहून झाल्यावर पांघरावयाच्या वस्त्रांत लिनन आणि सुती कापड पुन्हा मानाने परतले आहे. गोव्याचे दिवंगत वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी तेथील कुणबी साडीच्या चौकड्यांना दिलेले नवे आयुष्य मी याच ओघात पाहते. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू होतो तेव्हा जुन्या वळणाच्या कोळणी काष्टा घट्ट खोचून टोपल्यांसह पाण्यात उभ्या असतात. लाट गुडघ्यापर्यंत चढते. त्यांचे लुगडे गुडघ्याच्या वरच थांबलेले असते.