मुक्या सोबत्याची शुश्रूषा

पावसाळ्यांत घरचा कुत्रा एकाच जागीं सारखा चाटूं लागला, कीं एका दिवसांतच तेथील केस झडून लाल, ओलसर चट्टा उमटतो, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. बहुधा पिसवांच्या चाव्यानें खाज सुटते. चाटल्यानें त्वचा सोलते आणि सोललेली त्वचा अधिकच खाजते. हें चक्र थांबविणें हाच खरा उपाय होय.

प्रथम घरांतील वडील माणसानें कुत्र्यास धरावें. कारण वेदनेनें प्रेमळ जनावरही चावतें. चट्ट्याभोंवतालचे केस बोथट टोंकाच्या कात्रीनें जपून कापावे. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यांत चहाचा १ सपाट चमचा मीठ विरघळवावें व त्यांत भिजविलेल्या मऊ फडक्यानें ती जागा हलकेच पुसून, टिपून कोरडी करावी. पट्टी बांधूं नये. असें दिवसांतून २-३ वेळां करावें. चाटतां येऊं नये म्हणून गळ्याभोंवतीं पुठ्ठ्याची रुंद झालर घालावी. शेवटीं आपले हात साबणानें धुवावे. कारण गजकर्णासारखे रोग माणसांसही जडतात.

रॉकेल, फिनेल किंवा स्पिरिट कदापि लावूं नये. त्यांनीं त्वचा भाजते, आणि चाटल्यास विष पोटांत जातें. औषध जितकें झोंबेल तितकें गुणकारी, या समजुतीनें दयाळू हातांकडूनही क्रूरता घडते. २ दिवसांत उतार न पडल्यास, अथवा पू व दुर्गंध दिसल्यास, पशुवैद्याकडे जावें.

जो जीव परमेश्वरानें आपल्या हवालीं केला, त्याला आपलें दुःख बोलून दाखवितां येत नाहीं. तें आपणच वेळीं ओळखावें, एवढीच आमची बालवाचकांस विनंती आहे.