सोयरिकीचा कागद वेगळा, बातमीदारीचा वेगळा



मागे कांद्याच्या रोपांतील मर पाहण्यासाठी केडगावला एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. वाफे पाहून झाले, औषध सांगून झाले. ओट्यावर चहा आला तसे घरधन्यांनी आत हाक मारली, "साहेबांना तो कागद दाखव गं." मग मला म्हणाले, "साहेब, पोरगी पेपरात नोकरी धरायची म्हणते. तुम्ही पेपरात लिहिता. जरा नजर घाला."

कागद वाचला. वर गणपतीचे चित्र, खाली नाव, उंची, वर्ण, वडिलांची साडेतीन एकर बागायत, मामाचे गाव. जन्मवेळ तेवढी राहिली होती! मुलीचा दोष नाही. आपल्याकडे बायोडाटा म्हटला की सोयरिकीचाच डोळ्यांपुढे येतो. शेवटी 'कष्टाळू, प्रामाणिक, पत्रकारीतेची आवड' एवढीच नोकरीची गोष्ट, आणि तीही चुकलेली. 'पत्रकारिता' या शब्दातला 'रि' ऱ्हस्व आहे. बँकेच्या अर्जात ही चूक एखादे वेळी खपेल. वृत्तपत्राकडे जाणारा अर्ज हा तुमच्या लिखाणाचा पहिला नमुना असतो, तेथे ती खपत नाही.

"आजवर काय काय लिहिलंस?" मी विचारले.

"काही नाही काका. घरचंच काम."

मग हळूहळू निघाले. वडिलांबरोबर ती नेप्तीच्या उपबाजारात कांद्याच्या लिलावाला जाते. किमान, कमाल आणि सरासरी भाव वहीत उतरवते आणि रात्री भावकीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकते. एकदा कमाल भाव ऐकून सगळे हुरळले, तेव्हा तिने खुलासा लिहिला की तो भाव दोनच वक्कलांना मिळाला. वस्तीच्या पाण्याविषयी वर्तमानपत्राला पत्र पाठवले, तेही छापून आले. आता याला काय म्हणावे? बातमीदार दुसरे काय करतो?

हे सारे तिने गाळले होते, कारण शेतातले आणि बाजारातले काम 'शिकलेले' वाटत नाही. या समजुतीचा मला राग येतो. आपल्याच जिल्ह्यात मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' साप्ताहिक खेड्यातून सुरू केले. पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडीहून निघत असे, आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी ते चालवले. शहरात बिऱ्हाड नव्हते म्हणून त्यांचे काही अडले नाही. आज शेतीची पाने, बाजारभावाचे कार्यक्रम, आकाशवाणीचे शेतीविषयक भाग या सगळ्यांना वक्कल आणि वाफा यांतला फरक कळणारा माणूस लागतो.

आम्ही दोघांनी कागद नव्याने लिहिला. सर्वांत वर नाव, गाव, फोन आणि साधा ई-मेल पत्ता. तिचा जुना पत्ता मैत्रिणींनी थट्टेत काढलेला होता, तो बदलला. लगेच खाली कोणती जागा हवी ते एका ओळीत लिहिले. बातमीदार, उपसंपादक, मुद्रितशोधक, वृत्तनिवेदक ही कामे निरनिराळी आहेत. 'कोणतेही काम चालेल' असे लिहिणाऱ्याला कोणते द्यावे हे संपादकाला कळत नाही.

त्यानंतर केलेले काम. बातमी लिहिताना महत्त्वाचे आधी येते, तसेच येथेही. 'लिखाणाची आवड' हे वाक्य खोडले. त्याजागी आले: 'नेप्ती उपबाजारातील कांदा लिलावाचे भाव चौदा महिने स्वतः टिपले, वस्तीवरील शेतकऱ्यांना त्याच रात्री कळवले. वही उपलब्ध.' कोठे, किती दिवस, कोणासाठी, पुरावा काय, हे सारे त्यात आहे. छापलेल्या पत्राचे कात्रण तारखेसह जोडले. ज्याच्याकडे कात्रण नाही त्याने आपल्या गावची एखादी खरी बातमी दोनशे शब्दांत लिहून जोडावी. खोटे मात्र एक अक्षर नको. फोन करून पडताळणे हा संपादकाचा धंदाच आहे.

शिक्षण त्याखाली, शेवटची परीक्षा आधी. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयातील संज्ञापन अभ्यास, असे काही शिकला असाल तर ते ठळक लिहा. नसाल तर पदवी लिहून पुढे चला. मराठी टंकलेखन येत असेल तर जरूर नोंदवा. वर्ण, उंची, जात, वडिलांची जमीन यांना रजा. सगळे मिळून एक पान.

कागद युनिकोड अक्षरांत टाइप करून पीडीएफ करावा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो. फाइलीला 'बायोडाटा नवीन २' असे नाव न देता स्वतःचे नाव द्यावे, आणि धाडण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. चुका डोळ्यांना चुकवतात, कानाला सापडतात.

आईबापांसाठी एक गोष्ट. गावच्या वार्ताहराला पुष्कळदा ठरलेला पगार नसतो, आणि जाहिराती गोळा करून आणायला सांगतात. तेव्हा दरमहा किती, कशाबद्दल, हे आधी विचारावे. विचारण्यात लाज कसली? आणि पैसे भरा, पत्रकाराचे ओळखपत्र घ्या, असे कोणी म्हणाले तर तेथून उठावे. ती नोकरी नव्हे.

पंधरवड्याने पुन्हा केडगावला गेलो तर रोपे सुधारली होती. घरधनी म्हणाले, पुण्याहून बोलावणे आले आहे, आणि येताना भावाची वही घेऊन या म्हणून सांगितले आहे. वहीवर चहाचे डाग आहेत म्हणून पोरगी ती पुन्हा उतरवायला बसली होती. तशीच ने, असे मी तिला सांगितले.